‘चर्चेत बोलल्या नाहीत’ हा शेरा दुरुस्त होण्याबाबत

प्रति,
मा. कुलसचिव,
विद्यापीठ मुख्य कार्यालय, पहिला मजला.

विषय : संवाद-विश्लेषण उन्हाळी शाळेच्या प्रमाणपत्रावरील शेरा दुरुस्त करून मिळणेबाबत.
संदर्भ : शाळेच्या संचालकांचे ‘प्रकरण बंद करण्यात येत आहे’ हे पत्र, दि. १२ जून.

महोदय,

१. अर्जदार गेली पाच वर्षे प्रबंध लिहीत आहे. माणसे बोलताना कोण कुणाला तोडते, कोण किती वेळ गप्प राहते, हे मोजून अभ्यासायला शिकवणाऱ्या दहा दिवसांच्या उन्हाळी शाळेत ती दाखल झाली. तिच्या नोंदणीची मुदत तीस तारखेला संपते आणि या शाळेचे समाधानकारक प्रमाणपत्र जोडल्याशिवाय प्रबंध स्वीकारला जात नाही. म्हणून लेकीला सासूबाईंकडे सोपवून ती रोज नऊच्या ठोक्याला पहिल्या बाकावर हजर राहिली. हजेरीबद्दल कुणाची तक्रार नाही.

२. सहाव्या दिवशी माननीय संचालकांनी गृहपाठ दिला : खऱ्या संभाषणाचा एक तास ध्वनिमुद्रित करून त्यातला शब्द न् शब्द, मधल्या शांततेच्या सेकंदांसकट, उतरवून काढणे. ‘आपलीच मुक्त चर्चा घ्या की, बाहेर कशाला जाता?’ असे म्हणून त्यांनी संमतिपत्रावर स्वतः सही केली. अर्जदार भाबडी. तिने ऐकले.

३. साठ मिनिटांच्या मुक्त चर्चेत संचालक त्रेपन्न मिनिटे मुक्तपणे बोलले. ‘कुणाला काही विचारायचंय?’ असे त्यांनी नऊ वेळा विचारले आणि उत्तरासाठी दर वेळी सरासरी अर्धा सेकंद थांबले. अर्जदाराने चारदा तोंड उघडले. तिची चारही वाक्ये अशी : ‘सर, मला—’, ‘सर, पण—’, ‘यात एक—’ आणि ‘सर.’ शेवटच्या वाक्याला पूर्णविराम आहे, ही प्रगती समजावी.

४. हे निष्कर्ष तिने नवव्या दिवशी वर्गासमोर वाचले. वर्ग हसला. संचालकही हसले, दोन सेकंद उशिरा. दहाव्या दिवशी प्रमाणपत्र हाती आले : ‘चर्चेत बोलल्या नाहीत. असमाधानकारक.’ आपला निष्कर्ष संचालकांनाही मान्य आहे, हे वाचून अर्जदारास धन्य वाटले. घरी जाऊन ती स्वयंपाकघराचे दार लावून रडली, ती बाब कार्यालयीन नसल्याने विचारात घेऊ नये.

५. तक्रार केल्यावर संचालकांनी तिला दालनात बोलावले. ‘बसा, मोकळेपणाने बोला,’ म्हणाले आणि चाळीस मिनिटे बोलले. अखेरीस ‘झालं ना समाधान?’ असे विचारले. तेवढ्यात फोन वाजल्याने उत्तर ऐकायचे राहून गेले. या भेटीच्या टिपणीत मात्र ‘तोंडी चर्चेअंती अर्जदाराचे समाधान झाले’ अशी नोंद आहे. झालेले नाही.

६. अर्जदाराच्या शेजारी एक ग्रंथपालबाई बसत. दहा दिवसांत त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, नुसती मान हलवत. त्यांना ‘चर्चेत उत्कृष्ट सहभाग’ ही श्रेणी मिळाली. परवा त्या घरी आल्या, प्रमाणपत्र टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, ‘मान आखडली होती गं माझी, म्हणून हलवत होते. हे जोड तुझ्या अर्जाला.’

तरी शेरा तीस तारखेपूर्वी दुरुस्त व्हावा. सुनावणी ठेवल्यास अर्जदार येईल. ग्रंथपालबाईही येणार आहेत, आणि या वेळी त्यांनी बोलायचे ठरवले आहे.

आपली नम्र व अद्याप असमाधानी,
(सही)
अर्जदार
दि. १५ जून

सोबत : संचालकांच्या सहीचे संमतिपत्र, चर्चेचा उतारा, पाने एकेचाळीस, मूळ प्रमाणपत्रे, दोन.