माळ्यावरची लाकडं

आत्याबाई, आज तुमचा तांब्याचा बंब पुन्हा पेटवला. दोन दिवस आपल्या पासली गावात लाईट नाही, गिझर नुसता भिंतीला टांगलाय. पौषातली थंडी, त्यात अवकाळी पावसानं परड्यातलं सगळं सरपण भिजलेलं, आणि घरात लेक बाळंतीण. तुमची नात. तिचं बाळ आठवड्याचं झालंय, पण अंगानं अगदी किरकोळ आहे. ऊन पाण्यावाचून दोघांचं अडलं होतं.

सून म्हणून आले तेव्हा पहिल्याच सकाळी मी बंबाची नळी लाकडांनी ठासून भरली होती. न्हाणीत धूरच धूर. तुम्ही खोकत आलात. "अगं बये, नळी हाय ती, पोतं न्हाई! धूर दिसला म्हंजी लाकूड वाया चाललं." निम्मी लाकडं बाहेर ओढलीत, खालची राख काढलीत, बोटाएवढ्या चार काटक्या उभ्या सोडल्यात. जाळ सरळ वर गेला. वरून तांब्याभर गार ओतायचं, तेवढंच तोटीतून गरम घ्यायचं, बंब कधी रिता ठेवायचा नाही. लाकडाच्या बाबतीत तुम्ही लई चिकट. माझ्या डोक्यातच जायचं ते.

मग ही लेक झाली, अशाच थंडीत, अशीच किरकोळ. तेव्हाही सरपण भिजलेलं. तुम्ही शिडी लावून माळ्यावर चढलात आणि ऐनाची वाळली लाकडं खाली टाकायला लागलात. तुमच्या सरणासाठी जपून ठेवलेली. आपल्याकडं आषाढात माणूस गेलं तर कोरडं लाकूड मिळत नाही, म्हणून म्हातारी माणसं आपली सोय आधीच करून ठेवतात. मी ओरडले, "आत्याबाई, सरणाची लाकडं माझ्या लेकीला नगं!" तुम्ही वळूनही बघितलं नाहीत. "मेलेल्याला कसली आलीया थंडी? सर बाजूला." सव्वा महिना त्याच लाकडांवर पाणी तापलं. लेक जगली.

पुढच्याच आषाढात तुम्ही गेलात. माळा रिकामा. ओली लाकडं रचली, रॉकेल ओतून ओतून माणसं दमली. जन्मभर धुरावर खेकसलात आणि तुमच्या सरणातून नुसता धूर निघत होता. मला त्याचा अजून राग येतो. कुणाचा, ते कळत नाही.

तेव्हापासून माझीही लाकडं माळ्यावर आहेत. आज सकाळी शिडी लावली. लेकीनं विचारलं, "आई, कशाची गं ती?" म्हटलं, "जुनी हायती." बारीक फोडली, राख काढली, चारच काटक्या उभ्या सोडल्या. धूर नाही. बाळ आंघोळ करून गाढ झोपलंय.

हा कागद धाडायचा तरी कुठं? उद्या जाळ धरायला होईल. पण एक सांगते. तुम्ही माळा झाडून रिकामा केला होता. मी निम्मी लाकडं मागं ठेवलीत. तुमच्याएवढी छाती माझी नाही, आत्याबाई. मला त्या धुराचं लई भ्या वाटतं.