मोहरी रंगाच्या नळ्या आणि आठापर्यंतची मोजणी

टॉरन्स, कॅलिफोर्निया
गुरुवार, ९ मे १९८५

आदरणीय हुल्डाताईस,

धाकट्या ऑर्व्हिलचा वाकून नमस्कार. (आजवर हे शब्द मी केवळ रीत म्हणून लिहीत असे. आता मी खरोखर वाकू शकतो, आणि गुडघे न मोडता माझी बोटे जमिनीला टेकतात. वयाच्या बाहत्तराव्या वर्षी हे घडते आहे, याची कृपया नोंद घ्यावी.)

तुझी कंबर आता कशी आहे? वॉल्टरभावजींचा खोकला थांबला का, आणि नेब्रास्कातली थंडी एकदाची हटली का? मार्चमधले तुझे पत्र पोहोचले. ते चारच ओळींचे होते, आणि त्या चार ओळींत दोन स्वल्पविराम राहून गेले होते. ते घालून मी पत्र जपून ठेवले आहे. नाताळापासून आपला पत्रव्यवहार मंदावला, याचा दोष मी संपूर्णपणे स्वतःकडे घेतो. तू विणून पाठवलेल्या स्वेटरबद्दल मी जे बोललो, ते बोलायला नको होते. तो स्वेटर इथे मला किती उपयोगी पडला, हे तुला कळले तर तू थक्क होशील.

पण आता मूळ विषयाकडे वळतो, कारण मी अत्यंत उत्तेजित अवस्थेत हे पत्र लिहीत आहे, आणि उत्तेजित माणसाने पाल्हाळ लावू नये. ताई, मी चित्रपटात काम करतो आहे!

प्रारंभापासून सांगतो. माझ्या घराच्या भिंतीला भिंत लागून जे दुकान होते, तिथे गेल्या वर्षी लोरेटा किंटाना नावाच्या बाईंनी एरोबिक्सचा वर्ग काढला. एरोबिक्स म्हणजे कर्कश संगीताच्या तालावर, घाम पुसायची पट्टी कपाळाला बांधून, सामुदायिक उड्या मारणे. पोटऱ्यांवर लोकरी नळ्या चढवलेल्या असतात. त्यांना पाऊल नसते. (पाऊल नसलेला मोजा म्हणजे क्रियापद नसलेले वाक्य, असे माझे मत होते.) रोज सकाळी सहा वाजता भिंतीपलीकडून एकच बाई एकापासून आठापर्यंत आकडे ओरडत असे, आणि आठ झाले की पुन्हा एकावर येत असे. नऊ हा आकडा मी चौदा महिन्यांत एकदाही ऐकला नाही. मी स्थानिक वृत्तपत्राला तीन निषेधपत्रे लिहिली. तिन्ही निर्दोष होती, आणि एकही छापली गेली नाही. शेवटी मी स्वतः जाऊन तक्रार केली. लोरेटाबाईंनी घाम पुसत ती पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "मास्तर, तुमचं सगळं पटलं बघा. पण तुम्ही तीन पायऱ्या चढून आलात आणि धाप केवढी लागलीय! बसा आधी." त्याच आठवड्यात माझ्या डॉक्टरांनीही रक्तदाब मोजून हेच सांगितले. डिसेंबरात मी शेवटच्या रांगेत, राखाडी पँट आणि टाय घालून, उभा राहिलो. (टाय तिसऱ्या आठवड्यात सुटला. डाव्या बाजूच्या बर्नडीनबाईंच्या डोळ्याला लागत असे.)

ताई, मान्य करणे जड जाते, पण मला ते आवडले. आठांच्या मोजणीत एक शिस्त आहे. अडतीस वर्षे मी मुलांकडून नामांची रूपे तालावर घोकून घेतली. हे तेच आहे, फक्त आता हातपाय रूपे चालवतात. आणि लोरेटाबाई शिक्षिका म्हणून माझ्या तोडीच्या आहेत. (हे वाक्य मी दुसऱ्यांदा वाचून पाहिले. ते तसेच राहू दे.)

मागच्या महिन्यात चित्रपटवाले आले. कथा अशी: डबाबंद मासळीच्या कारखान्यातली एक तरुणी, सर्वांचा विरोध पत्करून, एरोबिक्सची राज्य स्पर्धा जिंकते. तिच्याकडून हरायला एक संघ हवा होता, आणि त्यासाठी दिग्दर्शकाने लोरेटाबाईंच्या चौदा बायका निवडल्या. तू म्हणशील, हरण्यात कसला मान? पण ताई, या बायकांपैकी एक टपालाच्या थैल्या उचलते, एक शाळेत जेवण वाढते, आणि बर्नडीनबाईंनी तर दोन शस्त्रक्रियांनंतर पुन्हा चालण्याचीच आशा सोडली होती. लोरेटाबाईंनी त्यांना शब्द दिला होता: "पडद्यावर तुम्हीच दिसाल, तुमच्या जागी दुसरं कुणी नाही." मला मात्र पुरुष असल्याने प्रेक्षकांत, तपकिरी सूट घालून, चौथ्या रांगेत बसवले.

परवा मंगळवारी, शाळेच्या व्यायामशाळेत, चित्रीकरण सुरू झाले, आणि तिथे एक गोष्ट उघडकीस आली जी आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हती. पुढे नायिका आणि तिचे प्रशिक्षक भावुक संवाद बोलत असतात, मागे आमचा संघ नाचत असतो. आणि संवाद स्वच्छ ध्वनिमुद्रित व्हावेत म्हणून त्या वेळी संगीत बंद ठेवतात. संगीत नाही, मोजणी नाही, बुटांच्या तळांनाही कापड चिकटवलेले. आम्ही प्रेक्षकांनी जल्लोषही मुक्यानेच करायचा. टाळ्या वाजवायच्या, पण तळहात एकमेकांना लागू द्यायचे नाहीत. दोनशे माणसे तोंडे उघडून नि:शब्द ओरडत आहेत असे दृश्य मी यापूर्वी फक्त परीक्षेच्या निकालाच्या दिवशी पाहिले होते.

संगीत थांबताच बायकांचा ताल पार कोलमडला. पहिल्या टेकला अर्ध्या डावीकडे गेल्या, अर्ध्या उजवीकडे. दुसऱ्या टेकला टपालवाल्या बाईंचे कोपर बर्नडीनबाईंच्या नाकावर बसले. दिग्दर्शक (बर्डसॉल नावाचा, दाढी राखलेला, वाक्ये अर्धवट सोडणारा तरुण) लोरेटाबाईंना म्हणाला, "बाई, नाइलाज आहे. बाहेर लॉस एंजेलिसच्या नर्तकींची बस उभी आहे. आणखी एक संधी देतो, मग मात्र..." वाक्य त्याने नेहमीप्रमाणे पूर्ण केले नाही, पण अर्थ पूर्ण होता. बर्नडीनबाई नाकाला बर्फ लावून म्हणाल्या, "मी जाते ना बाहेर. माझ्यामुळेच गोंधळ होतोय." लोरेटाबाई कडाडल्या, "खबरदार पाय उचललास तर! म्हणजे, ताल धरूनच उचलायचा." त्या हसल्या, आणि मग "चला, पुन्हा एकदा" एवढेच पुटपुटल्या. चौदा महिने भिंतीपलीकडून ऐकू येणारा तो आवाज मी प्रथमच खाली गेलेला ऐकला.

तेव्हा ताई, मी चौथ्या रांगेतून उठलो. परवानगी विचारली नाही. कॅमेऱ्याच्या मागे, बायकांच्या अगदी समोर, एका रिकाम्या खोक्यावर जाऊन उभा राहिलो आणि संगीत थांबताक्षणी तपकिरी सुटात तो संपूर्ण नाच मी स्वतः, आवाज न करता, करू लागलो. चौदा महिन्यांची मोजणी माझ्या हाडांत मुरलेली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि चौदा पाय एकाच वेळी उचलले गेले! एकापासून आठापर्यंत, पुन्हा एकापासून आठापर्यंत, एकही चूक नाही! नायिका रडली (ते तिच्या कामातच होते), आणि लोरेटाबाईही रडल्या (ते नव्हते).

दिग्दर्शक "कट" म्हणून सरळ माझ्यासमोर आला. मला वाटले, हाकलतो. तो म्हणाला, "हे आजोबा मला फ्रेममध्ये पाहिजेत. पुढच्या रांगेत. मधोमध!" मी म्हटले, "मी आजोबा नाही; निवृत्त व्याकरण शिक्षक आहे." तो म्हणाला, "आणखी झकास!"

पण संघाच्या पोटऱ्यांवर मोहरी रंगाच्या नळ्या होत्या आणि वेशभूषेवाल्यांकडे पंधरावी जोडी नव्हती. सुदैवाने नेमक्या त्याच रंगाची जोडी माझ्या घरी होती. (म्हणजे, जवळजवळ होती.) जेवणाच्या सुट्टीत मी ती घेऊन आलो, आणि दुपारी दृश्याचा पूर्वार्ध पंधरा जणांनिशी पार पडला. तिथे मिस प्रुइट नावाच्या एक बाई आहेत. प्रत्येकाची छायाचित्रे काढून कुणाचे बटण कुठले, कुणाची बट कुठे, याची नोंद ठेवणे हेच त्यांचे काम. कॅलिफोर्नियात मला भेटलेली ही पहिली काटेकोर व्यक्ती. त्यांनी माझ्या पायांची सहा छायाचित्रे घेतली आणि बजावले, "मास्तर, उत्तरार्ध तेवीस तारखेला आहे. तेव्हा हेच सगळं, असंच्या असं पाहिजे. धुवायचंसुद्धा नाही! एक धागा बदलला तर तुम्ही फ्रेमबाहेर, मग मला दोष देऊ नका." असा हुकूम ऐकून माझे मन भरून आले.

माझ्याविना उत्तरार्धात पुन्हा संगीत बंद झाले तर त्या बायकांचे काय होईल, हे सांगायला नको. खोक्यावर उभे राहताही येणार नाही. या वेळी कॅमेरा चहूकडे फिरणार आहे. म्हणून मी रोज सराव करतो, वेळेवर झोपतो आणि जिन्यावर कठडा धरून उतरतो. माझी काळजी नसावी.

भावजींना माझा नमस्कार, आणि मार्था मांजरीस यथायोग्य.

तुझा आज्ञाधारक धाकटा भाऊ,
ऑर्व्हिल लुंडग्रेन

ता. क. रक्तदाब उतरला आहे. डॉक्टरांनी लोरेटाबाईंचा पत्ता मागून घेतला.

आणखी एक ता. क. मघाशी "जवळजवळ होती" असे मोघम लिहिले, ते मला शोभले नाही. त्या नळ्या म्हणजे तुझ्या स्वेटरच्या बाह्या होत. कात्री धारदार होती आणि काप अगदी सरळ आला आहे. उरलेला भाग बिनबाह्यांचे जाकीट म्हणून झकास दिसतो.

शेवटचा ता. क. मंगळवारी संध्याकाळी डाव्या बाहीवर संत्र्याचे पेय सांडले. मिस प्रुइट यांचा हुकूम मला तोंडपाठ होता. तरी डाग मला बघवेना, आणि मी ती सार्वजनिक धुलाईयंत्रात घालून गरम हवेत वाळवली. आता ती इतकी आटली आहे की मार्था मांजरीच्या शेपटीला बसेल. म्हणून ताई, हात जोडून विनंती: त्याच लोकरीची एकच बाही, डावी, वीस तारखेपर्यंत पोहोचेल अशी पाठव. मनगटाजवळ, चौथ्या ओळीत, तुझा एक टाका सुटला होता. नाताळात मी फोनवर त्यावर अकरा मिनिटे बोललो, आणि तू फोन ठेवून दिलास. छायाचित्रात तो अगदी स्पष्ट दिसतो आहे. कृपा करून तो टाका तसाच सोड. तू विणलेस तेच बरोबर होते.