राबासाठी राखलेल्या गोवऱ्या

बाबा, तुमच्या त्या गोवऱ्यांची मला अजून किळस येते. शेणाची नव्हे हो, शेणामातीतच वाढलो मी. किळस येते ती तुमच्या जपणुकीची. आंबिवलीच्या आपल्या घरामागे हिवाळाभर तुम्ही त्या रचत होता, वर पेंढा घालत होता, दव तर लागलं नाही ना म्हणून पहाटे उठून चाचपत होता. त्या वर्षी जंगलच्या शिपायांनी झाडांचे टहाळ तोडायला बंदी केली, आणि भाताचं रोप टाकायची जमीन भाजायला, राब करायला, आपल्याकडे शेणाशिवाय काही उरलं नाही. ते कळतं मला. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर पोटाला नाही. पण तुम्ही फर्मानच काढलंत, एकही गोवरी चुलीत जायची नाही.

मग आईने जाळायचं काय? भाताचं तूस आणि नदीकाठची ओली काटकी. घरात धूर असा कोंडलाय की मला तिचे नुसते पाय दिसतात. ती फुंकणी फुंकते आहे, पदराने डोळे पुसते आहे. "अवो, डोले फुटतील माझे. येक गोवरी तरी द्या." आणि तुम्ही ओट्यावरून ओरडता, "शेत भाजू का तुझी भाकर भाजू?" स्वतःच्याच बोलण्यावर हसलाही होतात तुम्ही.

पौषात गावाबाहेर दौऱ्यावर आलेल्या गोऱ्या साहेबाचा तंबू पडला. आंघोळीच्या पाण्याला कोरडं सरपण कोणाकडे आहे, असं पाटलाने नुसतं विचारलं, तर तुम्ही स्वतः डोक्यावर त्याच गोवऱ्यांची पाटी घेऊन धावलात! एकदा नाही, साहेब होता तोवर रोज. त्याच्या पाठीला ऊन पाणी आणि घरात बायको धुरात आंधळी होते आहे. शी! लाज कोळून प्यायला होतात. वर संध्याकाळी सांगता काय, तर "साहेब हसला माझ्याकडं बघून." आई भाकरी थापत राहिली. पावसाळ्यापर्यंत तिला तांदळातले खडे दिसेनासे झाले. पुढे हळूहळू सगळंच गेलं, आणि वैद्याने हात टेकले.

रोपं मात्र झकास आली. गावाने तुम्हाला शहाणा माणूस म्हटलं, तुम्ही गेलात तेव्हाही तेच म्हटलं. मी खांदा दिला आणि मनातल्या मनात शिव्या दिल्या.

आता आई माझ्याजवळ कल्याणला असते. मी मास्तर झालो, डोक्याला पगडी आली, मिशी आली, यातलं तिने काही पाहिलेलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे पक्कं उरलं आहे ते तुमचंच तोंड. हे पत्र कुठे धाडायचं नाही, फाडून टाकीन. पण एक सांगतो. जेवणं झाली की ती माझ्या कपाळावरून, नाकावरून हात फिरवते आणि खुशीत म्हणते, "बापाचंच तोंड हाय रे तुझं." माझ्या अंगावर काटा येतो. तरी मी तोंड फिरवत नाही. तेवढ्या वेळापुरतं तिला दिसत असतं.