लाल चादर कोणाला?

लिहून ठेवते मी, ओस्ला मावट, कै. टॅमस मावट यांची पत्नी, वय शहात्तर, धंदा मेंढ्या आणि विणकाम, राहणार स्करवो, शेटलंड बेटे. माझं डोकं ठिकाणावर आहे. नर्स थेलमा पॉटिंजर हिने आज सकाळीच त्याची खात्री करून घेतली. तिने मला पंतप्रधानांचं नाव विचारलं, मी तिला वाऱ्याची दिशा सांगितली. आग्नेय. कालपासून आग्नेय, वर बारीक झिमझिम, आणि महिना ऑक्टोबर. या तीन गोष्टी एकत्र आल्या की सैबेरियाचे पक्षी वाट चुकून आमच्या अंगावर येऊन पडतात. एवढं ज्या बाईला कळतं तिच्या डोक्याबद्दल कोणी शंका घेऊ नये.

उद्याच्या बोटीने मला इस्पितळात नेणार आहेत. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, ती बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, बहुतेक बायका परत येतात. त्या 'बहुतेक'मुळे मी हे आज लिहिते आहे. कोणी जबरदस्ती केलेली नाही, दारू घेतलेली नाही, आणि याआधी कुठल्या कागदावर काही खरडलं असेल तर ते आजपासून रद्द समजावं.

कलम एक. राहतं घर, चूल, कपाटातली सगळी लोकर आणि मेंढ्या माझी भाची इंगा हिला. इंगा माझ्या भावाची मुलगी, ॲबर्डीनला दातांची डॉक्टर आहे. इंगा, उत्तरेच्या कोपऱ्यात छप्पर गळतं, तिथली बादली हलवू नकोस. काळ्या मेंढीला नावाने हाक मारली तरच ती येते. घर तुझं, पण घरामागची झाडं तुला देत नाही. का ते तुला माहीत आहे. उन्हाळ्यात चहाचा कप घेऊन खिडकीत उभी राहिलीस आणि म्हणालीस, "आत्या, ही झाडं काढली ना, तर इथून थेट समुद्र दिसेल!" अगं, बेटावर राहतो आपण. दार उघडलं की समुद्रच आहे. तू मनाने वाईट नाहीस, पण तुला दातांपलीकडचं काही दिसत नाही.

कलम दोन. टॅमसची मोठी दुर्बीण, तिपाईसकट, क्लेमंट थरगुड यांना. हे नॉरिचचे गृहस्थ दर ऑक्टोबरला माझ्या माडीवरच्या खोलीत उतरतात आणि पातेलंभर लापशी खातात. पक्षी ओळखण्यात डोळा चांगला, पण बुद्धी बातमीमागे धावते. आज पहाटे शेजारच्या बेटावर कुठलासा दुर्मीळ वटवट्या दिसल्याची खबर आली, तर निघाले. मी म्हटलं, "अहो, वारा आग्नेय आहे. आज स्करवो सोडून जाणारा माणूस वेडा."

"ओस्लाबाई, बातमी पक्की आहे हो!"

"पक्की बातमी म्हणजे कालचा पक्षी," मी म्हटलं. तरी गेले. दुर्बीण त्यांना देते ती एका अटीवर, की काच शर्टाच्या टोकाने पुसायची नाही.

कलम तीन, हिशेब. दक्षिणेत दुर्मीळ पक्ष्यांच्या नोंदी तपासणारे विद्वान बसतात. मी पाहिलेल्या काळ्या गळ्याच्या कस्तुराला त्यांनी 'साक्षीदार एकच, सबब अमान्य' असं कळवलं होतं. त्यांना मी माझ्या जुन्या दुर्बिणीची रिकामी पेटी देते. तिच्यात बघावं, काही दिसलं तर मान्य करावं.

आता गिडियन लीस्क. माझा शेजारी, आमची भिंत एक. त्याला काही नाही. एक अंडंसुद्धा नाही.

परक्या वाचणाऱ्यासाठी सांगते. स्करवोत घरोघर फोन नव्हते तेव्हापासूनची एक रीत आहे. ज्याच्या आवारात दुर्मीळ पाखरू उतरेल त्याने कपडे वाळवायच्या दोरीवर लाल कापड टाकायचं. ते दिसलं की माणसं गवत कापायचं सोडतात, मेंढी अर्धी भादरलेली सोडतात आणि येतात. भिंतीच्या आत पाय टाकायचा नाही, आवाज करायचा नाही, आणि घरवाल्याने चहा द्यायचा. माझी लाल चादर टॅमसच्या आईची, कडेने विटलेली, पण टेकडीपलीकडून दिसते. पाखरू लपवणं म्हणजे आमच्यात मेंढी चोरण्याच्या वरचं पाप. चोरलेली मेंढी निदान परत करता येते.

आणि गिडियनने लपवलं. बावीस वर्षांपूर्वी त्याच्या कोबीच्या वाफ्यात सोनेरी खवल्यांचा कस्तुर उतरला होता, आठवडाभर राहिला, आणि दोरीवर काही नाही! मला कधी कळलं? त्याच्या बायकोच्या, बर्थाच्या, अंत्यविधीनंतरच्या चहाला. तो पाद्र्याला सांगत होता, "शेवटच्या दिवसांत एक सोनेरी पाखरू रोज कोबीत झुलत चालायचं. ती खाटेवरून बघायची." मी हातातलं सँडविच खाली ठेवलं आणि घरी आले. बर्था आजारी होती हे मला काय माहीत नव्हतं? मीच तिला सूप नेऊन देत होते! भिंतीवर गर्दी नको, हेही समजते. पण मला एकटीला सांगायला काय झालं होतं? तसा कस्तुर मी आजवर जन्मात पाहिलेला नाही. बावीस वर्षं मी या माणसाशी मेंढ्यांपुरतं बोलते.

कलम चार. झाडं. लग्न झाल्यावर टॅमसने आणि मी घरामागे सिकामोर लावले. या वाऱ्यात झाड जगत नाही, सगळ्यांनी वेड्यात काढलं. आम्ही एकेका रोपाभोवती मासळीची खोकी उभी केली, भिंत उंच केली, मेली ती पुन्हा लावली. आज अठरा आहेत, उंची भिंतीएवढी, त्याच्यावर वारा वाढू देत नाही. स्करवोत दुसरं झाड नाही. समुद्रावरून दमून आलेल्या पाखराला पान दिसतं ते फक्त इथे. मी इस्पितळातून परत आले नाही तर ही झाडं कोणी राखायची, आणि फाटक कोणी उघडं ठेवायचं? इंगा तोडेल. क्लेमंट वर्षात पंधरा दिवस असतात. गिडियनची भिंत लागून आहे, त्याला झाडांची निगा कळते, पण जो माणूस लपवतो त्याच्या हाती फाटक कसं द्यायचं? म्हणून हे कलम रिकामं सोडते आहे. थेलमा म्हणते, "मावशी, रिकामं कलम चालत नाही." मग काय करू? सकाळपासून ह्याच एका गोष्टीने जीव खाल्लाय, झडपेने नाही.

इथवर लिहिलं आणि दारावर थाप पडली.

आमच्याकडे दारावर कोणी थाप मारत नाही, सरळ आत येतात. मला वाटलं वकील. दार उघडलं तर गिडियन लीस्क, टोपी हातात, गुडघ्यापर्यंत चिखल.

पुढचं सगळं मी मृत्युपत्रातच लिहिते आहे. वकील कुरकुरेल. कुरकुरू दे, मरणार मी आहे, तो नाही.

"ओस्ला," तो म्हणाला. "माझ्या कोबीत काहीतरी आहे."

"अळ्या असतील."

"पाखरू आहे गं. तपकिरी. रॉबिनपेक्षा थोराड. जमिनीवर टुणटुण उड्या मारतं, थांबलं की शेपटी वर करतं. तोंड काही दाखवत नाही."

माझा आवाज आपोआप खाली आला. "भुवई?"

"पांढरी. ठळक."

असा एक निळ्या गळ्याचा पक्षी आमच्याकडे बहुतेक वर्षी येतो, पाठमोरा हुबेहूब असाच. पण त्याच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना विटेसारखा तांबडा रंग असतो. मी दाराची चौकट धरली आणि विचारलं, "शेपटीच्या मुळाशी तांबडं होतं? घाई करू नकोस. आठव."

गिडियनने डोळे मिटले. "नव्हतं. सगळी शेपटी एकच तपकिरी. मी पुन्हा पुन्हा बघितली."

"गिडियन, खुर्ची!"

"तुला चक्कर येतेय?"

"मला काही होत नाहीये! खुर्चीवर दुर्बीण आहे, ती दे!"

थेलमा स्वयंपाकघरातून ओरडली, "मावशी, पळायचं नाही! डॉक्टरांनी सांगितलंय!"

"मी पळत नाहीये, उतार आहे!" मी म्हटलं. आणि खरंच उतार आहे.

भिंतीपाशी आम्ही दोघे गुडघ्यांवर बसलो, दगडातल्या फटीशी डोळे लावून. कोबी, चिखल, थेंब. काही नाही. मग एक पान हललं. पाठ दिसली. तपकिरी, साधी. शेपटी वर, खाली. शेपटीत तांबडं नाही. माझं काळीज असं धडधडत होतं की मला वाटलं पाखराला ऐकू जाईल. मी मनात म्हणत होते, वळ रे बाळा, एकदा वळ, एवढ्या लांबून आलास, आता तोंड दाखवायला काय लाजतोस!

आणि तो वळला.

गळा लाल! अंगार! दोन्ही बाजूंना पांढऱ्या मिशा, आणि मध्ये तो रंग, या झिमझिमीत, या चिखलात, कोणी माणिक ठेवल्यासारखा. सैबेरियाचा माणिककंठ, पुरता वाढलेला नर! टॅमस उभा जन्म ज्याची वाट बघत होता, आणि ज्याचं नाव घेऊन शेवटच्या वर्षी म्हणाला होता, "आला तर मला हाक मार, कुठेही असलो तरी," तो माझ्यापासून चार हातांवर उभा राहून कोबीतली अळी खात होता. मी हाक मारली. मनातल्या मनात, टॅमस म्हणून. मग रडायला आलं, आणि हसायलाही आलं, आणि दुर्बिणीची काच सगळी धुकटली.

"तोच ना?" गिडियनने विचारलं.

"तोच रे, तोच! कसा सापडला तुला, मेल्या!"

आम्ही बराच वेळ बघत बसलो. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "त्या वेळी मला एकटीला सांगितलं असतंस तर?"

तो पाखरावरची नजर न काढता म्हणाला, "तू चादर टाकली असतीस."

मी 'छे' म्हणायला तोंड उघडलं. पण समोर माणिककंठ होता, त्याच्या देखत खोटं कसं बोलायचं? "टाकली असती," मी म्हटलं.

"मला माहीत होतं. बर्थालाही माहीत होतं. ती म्हणाली, ओस्लाला रीत मोडायला लावू नकोस, त्यापेक्षा तिला रागावू दे." मग तो गुडघे धरत उठला. "चादर कुठे ठेवतेस?"

"कशाला?"

"कशाला म्हणजे? दोरीवर टाकायला."

"अरे, गाव जमेल. तुझी कोबी तुडवतील. भिंतीचे दगड पाडतील."

"पाडू देत. दगड पुन्हा रचता येतात," गिडियन म्हणाला. "तेव्हा खिडकीत ती होती. आता तिथून बघायला कोण आहे? ओस्ला, एकट्याने बघून मला कंटाळा आलाय गं. चादर कुठे आहे ते सांग."

मी सांगितलं, दारामागच्या पेटीत. त्याने ती आणली आणि माझ्या नाही, स्वतःच्या दोरीवर टाकली. बर्था गेल्यापासून त्या दोरीवर त्याच्या चड्ड्यांखेरीज काही वाळलेलं नव्हतं. चादरीने वारा धरला आणि टेकडीपलीकडून पहिली हाळी आली.

सगळं गाव आलं. गिडियन फाटकाशी उभा राहून एकेकाला आत घेत होता, "हळू, वाकून या, डावीकडे बघा," आणि प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे पाखराइतकंच निरखून बघत होता. चहा थेलमाने केला. क्लेमंटना चादर परतीच्या बोटीवरून दिसली. तिकडचा वटवट्या अर्थातच कालच उडाला होता. दोर बांधायच्या आधीच त्यांनी धक्क्यावर उडी मारली, पडले, आले, आणि बघितल्यावर चिखलातच मांडी घालून बसले. दुपारी माणिककंठ भिंतीवरून उडाला आणि माझ्या सिकामोरांत शिरला. गिडियन म्हणाला, "संध्याकाळ व्हायच्या आत सगळी पाखरं तिथेच जातात. मी रोज बघतो." मी म्हटलं, मला कधी बोलला नाहीस. तो म्हणाला, तू विचारलं नाहीस.

तर कलम तीनमधला गिडियनबद्दलचा मजकूर खोडते आहे. खोडलेलं वाचता आलं पाहिजे, म्हणून एकच रेघ मारली आहे.

कलम चार, पुन्हा. अठरा सिकामोर, त्यांची भिंत, फाटक आणि लाल चादर गिडियन लीस्क यास. फाटकाला कुलूप घालू नये. मेलेल्या झाडाच्या जागी नवं लावावं, खोकी माझ्या गोठ्यात आहेत. इंगाने समुद्र दाराबाहेर जाऊन बघावा. मी बरी होऊन परत आले तर झाडं पुन्हा माझी. चादर मात्र गिडियनकडेच राहील, मी भांडून मागितली तरी देऊ नये.

कलम पाच. माझी शवपेटी नेताना कोणाच्याही दोरीवर लाल कापड दिसलं, तर खांदेकऱ्यांनी पेटी अलगद खाली ठेवावी आणि आधी जाऊन बघून यावं. पाद्र्यानेसुद्धा. मी थांबेन. परत आल्यावर काय होतं ते मला सांगावं, आणि शेपटीचा रंग विसरू नये.

गिडियन साक्षीदार म्हणून सही करायला बसला होता, त्याला उठवलं. ज्याला मिळतं त्याने साक्ष द्यायची नसते. क्लेमंटना दुर्बीण मी आजच हातात दिली आणि कलम दोन खोडलं, म्हणून त्यांची साक्ष चालेल.

हे सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिलं, वाचून पाहिलं, आणि पुढील दोघांच्या समोर सही केली. अक्षर वाकडं आलं आहे ते भिंतीच्या दगडांमुळे, वयाने नाही.

सही: ओस्ला मावट

साक्षीदार: थेलमा पॉटिंजर, नर्स. यांचा रक्तदाब फार वाढलेला होता, पण शुद्ध पूर्ण होती.

साक्षीदार: क्लेमंट थरगुड, नॉरिच. सही करताना पाहिलं. पक्षीही पाहिला. आता साक्षीदार एक नाही, सगळं गाव आहे.

स्थळ: स्करवो, गिडियन लीस्क यांच्या भिंतीवर कागद ठेवून.
दिनांक: ११ ऑक्टोबर. वारा अजून आग्नेय.