सहावा खण

प्रिय ठकू,

दादाची खोली पूर्ण झाली. काल दुपारी इंजिनिअरबाईंनी भिंत पुन्हा तपासली, सही केली आणि मला सांगितलं, सोमवारी दहाला त्याला घेऊन या. चार वर्षांपूर्वी तू म्हणाली होतीस, मदतीला माणूस असलेल्या घरात त्याला राहू द्या. तेव्हा माझं घर काय ओस पडलंय का, असं मी तुझ्यावर खेकसलो होतो. आता तशाच घराचा सांगाडा माझ्या हातांनी उभा केलाय.

सगळं लाकडाचं आहे. तोडलं की पुन्हा लावतात त्या जंगलातलं लाकूड. उभे खांब आणि मधल्या खणांत लाकडाच्या तंतूंची जाड गादी. ऊब धरते, आवाज अडवते. बारा खोल्या आणि दोन मदतनीस दिवसरात्र हजर. दादाने पहिल्याच दिवशी खांबाला नाक लावलं आणि म्हणाला, "बाबा, तुमच्या शर्टाचा वास!"

आवाज अडवते, तिथेच माझं घोडं अडलं. त्याची सकाळ तुला माहीत आहे. आमच्या दोन खोल्यांमधल्या फळीच्या भिंतीवर तो तीनदा वाजवतो, मी दोनदा. त्याशिवाय तो पलंगावरून पाय खाली टेकवत नाही. म्हणून त्याच्या उशामागचा सहावा खण मी मुद्दाम रिकामा ठेवला. पलीकडे मदतनीसांची खोली. निदान त्यांना तरी ऐकू जाईल. पण बाई उष्णता दाखवणारा कॅमेरा घेऊन आल्या आणि तेवढीच भिंत थंड निघाली. "मिस्त्री, चाळीस वर्षांत एक खण विसरलात?" म्हटलं, "वय झालं, बाई." फळ्या काढल्या आणि गादी भरली. भिंत मुकी झाली.

फोनवर हे बोललो नाही, कारण फोनवर तू काय म्हणतेस ते मला कळतच नाही. मी नुसतं हो हो करतो. करवतींनी कान खाल्ले. वर्षभर दादाची टकटकही ऐकू येत नाही. रोज सातला तळहात फळीला लावून बसतो, हादरा लागला की उत्तर देतो. तो बाथरूममध्ये पडला तेव्हा मी शेजारच्याच खोलीत रंधा मारत होतो. तासभर हाका मारत होता गं तो. पाय मुरगळला असं तुला सांगितलं, ते खोटं. मोडला होता.

मदतनीस बिचारा म्हणाला, मी रोज दारावर दोनदा वाजवीन. दादा म्हणाला, "ते दार आहे, भिंत नाही."

म्हणून लिहितोय. ये. सोमवारी रात्री त्याच्या खोलीत राहा. मी राहिलो तर तो माझा हात धरून घरी निघेल, आणि मी त्याला थांबवणार नाही. मंगळवारी सातला तो भिंतीवर तीनदा वाजवेल. मग वाट पाहील. त्याचा पाय खाली टेकेपर्यंत त्याच्याजवळ बस. मी इथे घरी आमच्या फळीला हात लावून बसलेला असेन.

तुझेच,
बाबा