सायमाच्या बॅगेची रस्सी

मंगळवार, संध्याकाळ. करंजाडे.

मलेशियाने आपली विमानं घेतली नाहीत, दुसऱ्या देशाची घेतली. आपलं हलकं लढाऊ विमान सांभाळायचं कसं, हे तिथल्या लोकांना शिकवायला माझी सायमा दोन वर्षं जाणार होती. ती नोकरी करते त्या विमान कारखान्यातून हे कळवणारा फोन आला तेव्हा ती बॅगेवरच बसली होती. करार व्हायच्या आधीच तिच्या अब्बांनी त्या चाकांच्या नव्या बॅगेला रस्सी आवळून चारी बाजूंना नाव लिहिलं होतं. कुवेतला नोकरीवर जाताना स्वतःची बांधायचे, अगदी तशी. "अब्बा, आता असं कोण बांधतं?" म्हणून काल हसत होती.

आणि मला? खरं लिहू? बरं वाटलं. पोरगी राहिली. मग तिचा चेहरा पाहिला आणि स्वतःचाच राग आला.

हे कुवेतहून आले की मी आधी कात्री शोधायचे. सगळ्यांना वाटायचं, हिला सामान बघायची घाई. मला ती रस्सी नको असायची. कापून टाकली की हे लवकर परत जायचे नाहीत, असं काहीतरी वेडं मनात.

आजही हात कात्रीकडेच गेला.

"कापू नको," हे म्हणाले. "लागेल तिला."

"आता आपली विमानं कोण घेतंय अब्बा?" सायमा म्हणाली.

"घेतील गं. इन्शाल्ला, कुणीतरी घेईल." आणि वाकून गाठ सोडू लागले.

मी कात्री ठेवून दिली. रस्सी मीच गुंडाळली, आणि सायमाच्या हाताला लागेल अशा खणात ठेवली.