वोब्बेचं नाक

सित्से,

स्वयंपाकघरात चपला घालूनच जा. केकच्या ताटल्यांचे तुकडे फ्रिजखालीही गेलेत. झाडून होईपर्यंत कुत्र्याला आत सोडू नकोस. भिंतीवरचं रक्त तुझ्या भावाचं, वोब्बेचं आहे, ते मी पुसणार नाही. माझाही हात कापलाय. आईकडे जातेय, ती टाके घालायला नेईल.

तुझ्या वाढदिवसाला यंदाही मी गोल करून बसलेल्या सगळ्यांचे तीन-तीन पापे घेतले, तुमच्या रीतीप्रमाणे तुझ्याबरोबर सगळ्यांचंही अभिनंदन केलं. कोणाला काय विचारायचं, कुठे हसायचं, ते मी आधी संडासात बसून घोकते, तिथे टांगलेल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवर सगळ्यांची नावं आहेतच. आजही तू बाहेरून विचारलंस, "झालं का पाठांतर?"

आणि तरी, डॉक्टर काय म्हणाले ते मी सांगितल्यावर वोब्बे म्हणाला, "ऑटिझम? तुला? अगं, आमच्यात सगळ्यात बडबडी तू. नाटकं पुरे." तू हसलास. पहिली ताटली त्याच्या नाकावर बसली. दुसरी तुझ्यासाठी होती, ती भिंतीवर गेली.

नाकाला फडकं दाबून तो म्हणाला, "आता पटलं बाबा. आहे हिला ऑटिझम." सगळ्यांनी माना डोलावल्या. तूही.

त्याला सांग, तो ऑटिझम नव्हता. लग्न झाल्यापासून दरवर्षी पाठ करून त्याच्या गालाचे पापे घेत आले, तो ऑटिझम. नाक फोडलं तो नुसता राग होता. तो तुमच्या घरात सगळ्यांना येतो.

फ्राउके